लष्करची मराठी कोणत्या विभागात बसते?

जिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू,
जिवाजी विद्यापीठ, ग्वाल्हेर

विषय : प्रदेश आणि भाषा यांच्या एकत्रित अभ्यासासाठी पीएच.डी.ची सोय करण्याबाबत



ग्वाल्हेरच्या मराठीवर प्रबंध लिहायचा तर पुण्या-मुंबईला जावे लागते, आणि ग्वाल्हेरातच राहून लिहायचा तर त्यातली मराठी गाळावी लागते, अशी समजूत इथल्या मुलामुलींत पसरली आहे. ती खरी की खोटी, हा वाद मला घालायचा नाही. ती खोटी पाडणे आपल्या हाती आहे आणि त्यासाठी नवी इमारत, नवा विभाग किंवा मोठा निधी लागत नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

मी जयेंद्रगंजात राहतो. शाळेत शिकवून निवृत्त झालो. माझ्या भाचीने एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी विषय निवडला होता : लष्कर भागातल्या मराठी कुटुंबांची बोली आणि त्यांच्या घरचे जुने कागद. एका विद्यापीठात ती मुलाखतीला गेली. मराठीचे प्राध्यापक म्हणाले, हा तर भाषाविज्ञानाचा विषय. भाषाविज्ञानवाले म्हणाले, मोडी कागद आले की तो इतिहास झाला. इतिहासाच्या मंडळींनी विचारले, घरात कोण कसे बोलते याच्याशी आमचा काय संबंध? कुणी वाकडे बोलले नाही, चहासुद्धा मिळाला. विषय मात्र कुणीच पदरात घेतला नाही. शेवटी तिने कादंबऱ्यांतल्या स्त्रीचित्रणाचा सरावाचा विषय घेतला. तोही चांगलाच आहे, पण तो नागपुरात होईल, नांदेडात होईल. पहिला विषय या गावाशिवाय होण्यासारखा नव्हता.

माझे सगळे म्हणणे त्या मुलाखतीतच आले. ग्वाल्हेरचा खरा अभ्यासविषय दोन विभागांच्या मधल्या जागेत पडलेला असतो, आणि आपली संशोधनाची पदवी मात्र विभागाच्या दारातून आत शिरते. हे दार थोडे रुंद करा.

दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याजवळ पडला आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. शहराला नावही छावणीचेच राहिले, लष्कर. आजही दौलतगंज, जयेंद्रगंज, फालका बाजार, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ ही नावे रिक्षावाला, पोस्टमन, भाजीवाली सगळे घेतात. ती मराठी सरदारांची आणि कारभाऱ्यांची आहेत हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. अशा शहरात १९२८ साली मराठी साहित्य संमेलन भरले, लोकनायक बापूजी अणे त्याचे अध्यक्ष होते. १९६१ मध्ये संमेलन पुन्हा इथे आले आणि कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या इतिहासात अध्यक्षपद स्त्रीकडे आले ते पहिल्यांदा ग्वाल्हेरात. पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे.

भा. रा. तांबे इथले राजकवी होते, आणि १९४१ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरातच देह ठेवला. त्यांची गीते महाराष्ट्राला पाठ आहेत, पण ज्या गावात कानावर सतत ब्रजातल्या चिजा पडतात तिथे राहून मराठी कविता लिहिणाऱ्याच्या छंदावर आणि लयीवर त्याचा काय परिणाम होतो, हे इथे बसूनच तपासता येईल. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला एका मराठी घरात जन्मले आणि हिंदीतले थोर कवी झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, आणि १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार मिळाला. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषा निवडल्या. हिंदीचा अभ्यासक थोरल्यावर प्रबंध लिहितो, मराठीचा धाकट्यावर. दोघांना एका टेबलावर आणायचे तर त्या संशोधकाने कोणत्या विभागात नाव घालावे?

प्रभाकर माचवेही १९१७ चेच, आणि जन्माने ग्वाल्हेरचेच. साहित्य अकादमीचे ते सचिव होते, दोन्ही भाषांत लिहीत, आणि त्यांनी डॉक्टरेट केली ती हिंदी व मराठी निर्गुण संतकाव्याच्या तुलनेवर. त्याच काळात विनयमोहन शर्मांचा ‘हिंदी को मराठी संतों की देन’ हा ग्रंथ पाटण्याहून निघाला. म्हणजे दोन भाषांवर मिळून संशोधनाची पदवी घ्यायची ही कल्पना या भागाला नवी नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ती रुळलेली होती. मधल्या काळात विभागांच्या भिंती चढत गेल्या, इतकेच.

आता कोणी विचारील, प्रबंध होण्याजोगे इथे खरेच काय उरले आहे? मला जे ठाऊक आहे त्यातले तीन ढीग सांगतो.

पहिला ढीग कागदांचा. महादजी शिंद्यांची कागदपत्रे रियासतकार गो. स. सरदेसायांनी संपादित केली आणि १९३७ साली ग्वाल्हेरच्याच आलीजाह दरबार प्रेसने ती छापली. ते काम मोठे होते, पण ते राजकारणाचे होते : मोहिमा, तह, दिल्लीचा कारभार. घराघरातले कागद त्याच्या बाहेर राहिले. हुंड्या, लग्नाच्या याद्या, वाटणीपत्रे, देवळांच्या नेमणुका, नोकरीवर असलेल्या मुलाने कोकणातल्या आईला लिहिलेले खुशालीचे पत्र. हे बहुतेक मोडीत आहेत. अनेक घरांत ते आजोबांच्या पेटीत आहेत आणि पेटी उघडून वाचणारे कोणी नाही. वाडा विकला की पेटी रद्दीवाल्याकडे जाते. हे दरवर्षी घडते, त्याची कुठे नोंद होत नाही.

कागद नीट वाचला गेला तर काय होते, याचे एक उदाहरण मराठीत आहेच. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, पण त्यात त्यांनी आपला हात फिरवला होता. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली, तेव्हा गोडसे भटजींचा खरा आवाज वाचकांना ऐकू आला. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणे हा संशोधनाचा पहिला धडा आहे, आणि तो मोडी येणाऱ्यालाच नीट गिरवता येतो.

दुसरा ढीग बोलीचा. सांगलीजवळच्या कुपवाडवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलेला लेख जगभरच्या भाषाविज्ञानात आजही शिकवला जातो. कानडी, उर्दू आणि मराठी पिढ्यान्‌पिढ्या एका गावात नांदल्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली की एका भाषेचे वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून उतरावे. कुपवाड एक गाव आहे. ग्वाल्हेर हे दोनशे वर्षे मराठी आणि हिंदी, शिवाय भोवतालची बुंदेली आणि ब्रज, अशा भाषा एकत्र बोलणारे शहर आहे. कानडी आणि मराठी वेगवेगळ्या कुळांतल्या. इथल्या सगळ्या एकाच कुळातल्या. जवळच्या नात्यात सरमिसळ अधिक होते की भेद जपण्याची ओढ अधिक असते, हा प्रश्न कुपवाडने सोडवलेला नाही.

तो कसा सोडवायचा, याचेही प्रश्न तयार आहेत. हिंदीत ‘हम’ एकच, मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन. लष्करमध्ये वाढलेल्या आजच्या मुलांच्या बोलण्यात हा भेद टिकला आहे का? हिंदीला दोन लिंगे, मराठीला तीन. नपुंसकलिंग घरात कोण पाळते आणि कोण सोडते? ‘ळ’ कोणाच्या तोंडी टिकला, आजीच्या की शाळेत मराठी न शिकलेल्या नातवाच्या? मुलगी लग्न होऊन हिंदी घरात गेली तर तिची मुले आजोळी कोणत्या भाषेत भांडतात? माझ्या घरापुरते माझे अंदाज आहेत. पण अंदाज आणि संशोधन यांत फरक असतो, म्हणून तर विद्यापीठ लागते. आणि ज्यांच्या बोलण्यातून हे कळेल ती ऐंशीच्या पुढची माणसे आपली वाट पाहत थांबणार नाहीत.

तिसरा ढीग गाण्याचा. हस्सू खाँसाहेबांची तालीम वासुदेवबुवा जोशांकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती दक्षिणेत नेली, आणि विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याच हाताखाली घडले. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली इथे माधव संगीत विद्यालय निघाले. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. म्हणजे बंदिशी ब्रजातल्या, शिकवणे मराठीतले, शास्त्र मराठीत. घराण्यावर पुस्तके पुष्कळ झाली; पण शिकवण्याची भाषा, बंदिशीच्या उच्चारात मराठी जिभेने केलेले फेरफार, वह्यांमध्ये मोडी आणि बाळबोध लिपीत उतरवलेली ब्रज, यावर बसून काम व्हायचे आहे. तानसेन समारोहाची सुरुवात आजही हरिकथा आणि मिलाद यांनी होते, आणि हरिकथेला ढोलीबुवांच्या गादीचे कीर्तनकार उभे राहतात. मराठी नारदीय कीर्तनाने ग्वाल्हेरात आल्यावर कोणते रूप घेतले, श्रोत्यांसाठी त्याची भाषा कशी बदलली, हा एकटा विषय एका प्रबंधाला पुरून उरेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला. मानपत्राखाली अभ्यासाचा पाया घालण्याचे काम विद्यापीठांचे.

आता आपल्याकडे मागणे काय, ते नेमके सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमांत यातले बरेच बसते.

एक, सहमार्गदर्शक. त्या नियमांनुसार दुसऱ्या विभागातला, किंबहुना दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. हिंदी किंवा इतिहासाचा इथला मार्गदर्शक आणि मराठीचा बाहेरचा सहमार्गदर्शक अशी जोडी जुळवली की भाचीसारख्या विद्यार्थ्यांचा प्रश्न सुटतो. बडोदा, बनारस, हैदराबाद आणि गोवा इथल्या विद्यापीठांत मराठीचे अध्यापक आहेत. रिद्धपूरला २०२४ मध्ये सुरू झालेले मराठी भाषा विद्यापीठ आहे. शेजारी राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ आहे. विषय आला की माणूस शोधायची धावपळ करण्यापेक्षा अशा मार्गदर्शकांची यादी आधीच तयार असावी.

दोन, मोडी. पीएच.डी.च्या कोर्सवर्कला किमान बारा क्रेडिट लागतात. प्रदेश-अभ्यासाच्या विद्यार्थ्यासाठी त्यातले चार मोडी वाचनाचे ठेवा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा कागदांत मुरलेले आहे. सीतामऊला डॉ. रघुबीरसिंहांनी उभी केलेली नटनागर शोध संस्था आपल्याच राज्यात आहे, आणि मराठी कागदांचे मोल त्यांनी सरदेसायांच्या सहवासात ओळखले होते. दोन्हीकडे शिकवणारे मिळतील. पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. मोडी शिकण्यात त्यातले पहिले वर्ष गेले तर प्रबंध रखडतो. ती कोर्सवर्कमध्येच शिकवली तर वर्ष वाचते.

तीन, घरचे कागद आणि आवाज. कुटुंबे कागद द्यायला घाबरतात. गेलेला कागद परत येत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. म्हणून विद्यापीठाने कागद मागू नयेत, त्यांच्या प्रती मागाव्यात. स्कॅनर घेऊन घरी जावे, मालकाच्या समोर प्रत काढावी, मूळ कागद त्याच्याच पेटीत ठेवावा आणि प्रतीवर त्याचे नाव घालावे. वृद्धांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण त्यांच्या लेखी संमतीने व्हावे. असा साठा ग्रंथालयात असला तर दहा वर्षांनी येणाऱ्या संशोधकाला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही.

चार, प्रबंधाची भाषा. ज्याला मराठीत लिहायचे त्याला मराठीत आणि ज्याला हिंदीत लिहायचे त्याला हिंदीत लिहू द्या. अट एवढीच ठेवा की दुसऱ्या भाषेत सविस्तर सारांश असावा. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतोच. सारांश दोन भाषांत असेल तर पुण्यातल्या वाचकाला ग्वाल्हेर कळेल आणि मुरारमधल्या वाचकाला आपल्या शेजाऱ्याचे घर.

यावर आक्षेप येतील हे मी जाणतो. पहिला संख्येचा. ग्वाल्हेरात मराठी बोलणारे थोडे, मग हा खटाटोप कशाला? २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांहून अधिक होते, हे एक उत्तर. त्यातले बहुतेक दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत आणि इंदूरकडे, हेही मान्य. पण संशोधनाचा विषय डोकी मोजून ठरत नाही. भाषा थोड्यांच्या तोंडी उरते तेव्हा ती कशी बदलते, हे पाहण्याची संधी तिथेच मिळते जिथे बोलणारे थोडे असतात. पुण्यात ती मिळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो मराठी माणसांनीच आधी उच्चारायला हवा. ग्वाल्हेरच्या मराठीचा अभ्यास म्हणजे राजघराण्याचे आणि सरदारांचे गुणगान, अशी भीती अनेकांना वाटते. भीती अनाठायी नाही. आमच्या समारंभांत भाषणे बहुधा तशीच होतात. मराठी इथे सत्तेची भाषा म्हणून आली, रयत बुंदेली आणि ब्रज बोलत होती. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई याच गावात लढताना पडली आणि त्या वेळी जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते. दोन्ही घरे मराठी. हे प्रश्न टाळून लिहिलेला प्रबंध गौरवग्रंथ होतो. त्याला पदवी देऊ नका. सरदारांच्या घरी पाणी भरणाऱ्याची, आचाऱ्याची, शिपायाची, बाजारातल्या हिंदी व्यापाऱ्याची मराठीशी काय ओळख होती, हे ज्यात येईल त्या प्रबंधाला द्या. हरिहर निवास द्विवेदींनी १९५५ मध्ये ‘मध्यदेशीय भाषा : ग्वालियरी’ लिहून या भूमीच्या स्वतःच्या भाषेची बाजू मांडली होती. मराठीच्या अभ्यासकाने ते पुस्तक आधी वाचावे आणि मग आपले काम सुरू करावे.

तिसरा आक्षेप पालकांचा : एवढे करून नोकरी कुठे? याला मी गोड उत्तर देणार नाही. मराठीच्या अध्यापकाच्या जागा या राज्यात मोजक्या आहेत. पण नेट-जेआरएफ मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि ज्याचा अभ्यास घराजवळच्या गल्ल्यांत आहे त्याला त्यात निभावता येते. नोकरी करणाऱ्यासाठी त्याच नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची तरतूद आहे. शिवाय मोडी वाचणारा, दोन भाषांत लिहिणारा आणि मुलाखती घेऊ शकणारा माणूस अभिलेखागाराला, संग्रहालयाला, न्यायालयात जुन्या मिळकतीचे कागद लावणाऱ्या वकिलाला, अनुवादाला लागतो. अशी माणसे आज शोधून सापडत नाहीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने शिलालेख, ताम्रपट आणि लीळाचरित्राचा काळ यांवर काम वाढेल, आणि ते वाढावेच. पण भाषेचे वय मोजताना तिचा विस्तारही मोजायला हवा. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर ही मराठीची जुनी बिऱ्हाडे आहेत. त्यांचा हिशेब त्या त्या गावातल्या विद्यापीठानेच मांडला पाहिजे; बाहेरून येणाऱ्याला कोणत्या गल्लीत कोणाची पेटी आहे हे सांगणारा आधी शोधावा लागतो.

म्हणून विनंती इतकीच की येत्या पीएच.डी. प्रवेशाच्या जाहिरातीत एक ओळ घालावी : ग्वाल्हेर-चंबळ प्रदेशातील भाषा आणि त्यांचे परस्परसंबंध या विषयांवरील आंतरविद्याशाखीय प्रस्ताव स्वीकारले जातील, आणि त्यांना सहमार्गदर्शक विद्यापीठ मिळवून देईल. जयेंद्रगंज, दौलतगंज आणि गोठांमधल्या घरांत फिरून कागद दाखवायला तयार असलेल्या कुटुंबांची यादी आम्ही करून देऊ; ते काम आमचे. जाहिरात निघाल्यावरही अर्ज आले नाहीत, तर दोष विद्यापीठाचा नसेल. मग आम्ही ग्वाल्हेरच्या मराठीच्या नावाने गळे काढणे बंद करावे, हेच बरे.



आपला,
जयेंद्रगंजातला एक निवृत्त शिक्षक